चिंचवडचा नाताळ आणि खालून करपलेला केक

चिंचवड, स्टेशनजवळ,
डिसेंबर १९५७

रा. रा. यशवंतराव मास्तर, मुक्काम नगर, यांस हिंदुरावचा सलाम. (रामराम लिहिणार होतो, पण सूनबाई म्हणाली, आमच्यात सलाम म्हणतात. पहिल्यांदाच लिहितो आहे, कमीजास्त झाला असल्यास चालवून घ्यावा. आणि अजिबात पटला नाही तर त्याच्या खाली रामराम आहेच असं समजावं.) आपली प्रकृती, विशेषतः डावा गुडघा, थंडीत कसा आहे ते कळवावं. इकडे सर्व खुशाल. आपली सुमन वेळेवर जेवते, सातवा महिना सुखरूप चालू आहे. लग्नानंतर व्याही-व्याह्यांत एकही पत्र गेलं-आलं नाही, त्याविषयी मी इथे काही लिहिणार नाही, कारण हे पत्र केवळ नाताळाच्या तांत्रिक अडचणींसंबंधी आहे.

झालं असं, की डॉक्टरीणबाईंनी सुमनला एस.टी.ची मनाई केली. (नगरचा रस्ता त्यांनी पाहिलेला असावा.) सुमन, नाताळ काय, पुढच्या वर्षीही येतो, एवढं म्हणून तांदूळ निवडायला बसली आणि निवडून झालेलेच तांदूळ पुन्हा निवडू लागली. ते मी पाहिलं आणि ठरवलं, नाताळ चिंचवडात होणार, आमच्या घरात होणार, आणि त्यातली एकही वस्तू विकतची असणार नाही. आमचा ज्योतीराम, म्हणजे आपला जावई, म्हणाला, आबा, पुण्याच्या कॅम्पातून दारावरचा तारा आणि केक दोन्ही आणतो. मी म्हटलं, तू तुझी शिफ्ट सांभाळ. ज्या माणसाने कुणाच्या हाताखाली न शिकता लेथ, भिंतीवरचं घड्याळ आणि बाजाची पेटी उघडून परत बसवली (पेटीच्या दोन पट्ट्या उरल्या, पण त्या मुळातच जास्तीच्या होत्या), त्याला ही दोन कामं जड जाऊ नयेत.

प्रथम तारा. बांबूच्या कामट्या मी स्वतः तासल्या, पाचही कोन कोनमापक लावून बांधले, पतंगाचा लाल कागद कणकेच्या खळीने चिकटवला आणि तारा अंगणात वाळत ठेवून आंघोळीला गेलो. शेजारचे सोपानराव म्हणजे इथले जुने शेतकरी, आमचे घरमालक. त्यांचं वासरू कधीच बांधलेलं नसतं. खळ कणकेची होती हे मी विसरलो, वासरू विसरलं नाही. मी परत येईतो ताऱ्याचे दोन कोन त्याच्या पोटात गेले होते. सोपानराव धावत आले, वासराच्या पोटावरून हात फिरवला आणि मलाच म्हणाले, "दिवाळी होऊन दोन म्हैनं झालं, आन् कंदील आत्ता व्हय? जनावरानं काय समजायचं?" दुसऱ्या ताऱ्याच्या खळीत मी कडुनिंबाचा रस घातला आहे. तो सध्या दारावर आहे, सरळ आहे, फक्त खालून जाताना थोडा कडवट वास येतो.

मग येशूबाळाच्या गव्हाणीचा देखावा. आळीतल्या पोरांनी दिवाळीत केलेला मातीचा किल्ला अंगणात तसाच होता. त्याची तटबंदी उतरवून मी गोठा केला, वर हळीव पेरलं, ते छान उगवलं. चित्रं नव्याने घडवायला वेळ नव्हता, म्हणून किल्ल्यावरच्या मावळ्यांपैकी तिघांच्या तलवारी कानशीने घासून काढल्या, हातात लाखेची छोटी गाठोडी चिकटवली आणि त्यांना बाळासाठी भेटी आणणारे पूर्वेकडचे ज्ञानी लोक केलं. (मिशा तशाच ठेवल्या आहेत. ज्ञानी लोकांना मिशा नव्हत्या असं कुठे लिहिलेलं असल्यास कळवावं.) सोपानराव हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, गव्हाण उथळ झाली, अशा गव्हाणीतून गाय निम्मी वैरण खाली पाडते. मी सांगितलं, हिच्यात वैरण नाही, बाळ ठेवायचं आहे. त्यावर ते म्हणाले, "पोर गव्हाणीत ठिवल्यावर गाय खाणार काय?" हा प्रश्न मी सुमनला विचारला तेव्हा ती तोंडाला पदर लावून इतकी हसली, की आमच्या मंडळींनी आतून येऊन, पोटातल्याला धक्का बसेल, म्हणून मला दटावलं. संध्याकाळी सोपानराव गायीच्या वाट्याची मूठभर वैरण शेजारी ठेवून गेले. आता हरकत नाही म्हणाले.

आमच्या मंडळींची, म्हणजे रुक्मिणीबाईंची, या सणाला ना नव्हती. नाताळाला तुमच्यातही करंज्या-शंकरपाळे करतात हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि ते खातं त्यांनी लगेच आपल्याकडे घेतलं. अडलं ते केकवर. त्या माळकरी. अंडं घरात येणार नाही. बरीच बोलाचाली होऊन असं ठरलं, की तुळशीच्या पलीकडे अंगण आहे ते माझं, अलीकडे घर आहे ते त्यांचं. मी पलीकडे चूल मांडली. अंडी हाताने फेटून एकसारखी होत नाहीत असं माझं मत असल्याने हाताने फिरवायच्या ड्रिलला वाकवलेली तार बसवली आणि फिरवली. अंडी उत्तम फेटली गेली, परंतु पातेल्यात राहिली नाहीत. थोडी माझ्या सदऱ्यावर आणि थोडी थेट सरहद्दीवर, म्हणजे तुळशीवर. मंडळींनी तुळशीला सात घागरी पाण्याने न्हाऊ घातलं.

राहिलेल्या अंड्यांचा केक मी पातेल्यात रेती घालून, झाकणावर निखारे ठेवून भाजला. इंग्रजी मासिकात तीनशे पन्नास अंश लिहिलं होतं. अंदाजपंचे काम मला खपत नाही, म्हणून कारखान्यातून भट्टीचं तापमापक मागून आणलं आणि रेती बरोबर तीनशे पन्नासावर नेली, एक अंश इकडे नाही की तिकडे नाही. धूर निघू लागला तेव्हा ज्योतीराम ड्यूटीवरून आला आणि म्हणाला, आबा, मासिकातले अंश फॅरनहाइटचे, आपलं तापमापक सेंटिग्रेडचं. म्हणजे आकडा माझा बरोबरच होता, अंशांची जात निराळी निघाली. केक काढला तर वरचा बोटभर भाग बरा, आणि खाली तव्याच्या बुडासारखा कोळसा.

मी तो सोपानरावांच्या उकिरड्यावर टाकायला निघालो होतो. सुमनने हातातून काढून घेतला, पायरीवर बसून सुरीने आडवा कापला आणि वरचा भाग खाऊ लागली. मग म्हणाली, "मामंजी, अगदी बाबांच्यासारखा झालाय. आई गेल्यापासून दरवर्षी तेच करतात, आणि दरवर्षी असाच खालून करपतो. वरचा मला द्यायचे, खालचा स्वतः खायचे." आणि खालचा कोळसा तिने ताटलीत नीट बाजूला ठेवला, झाकून. सवयीनेच ठेवला असावा. रात्री मी तो खाऊन पाहिला, मास्तर. दोन घास गेले, तिसरा गेला नाही. हे काम माझं नव्हे.

तेव्हा आपण पातेल्यात रेती किती बोटं घालता, आणि निखारे कोळशाचे की गोवऱ्यांचे, एवढं कार्डावर कळवावं. मी पुन्हा करणार आहे. लोभ आहे की नाही ते माहीत नाही. असल्यास वाढावा, नसल्यास या निमित्ताने सुरू व्हावा.

आपला,
हिंदुराव

ता. क. कार्डावर कळवू नये. अशी गोष्ट लिहून समजत नाही, हात बघावा लागतो. चोवीस तारखेला सकाळच्या एस.टी.ने पुण्यास यावं आणि तिथून लोणावळ्याकडची गाडी धरावी. मी चिंचवड स्टेशनावर उभा असेन. पातेलं आपलं आणावं.

ता. क. दुसरा. वर लिहिणार नाही म्हटलं होतं ते लिहितो. लग्नात आपलं पान पंगतीपासून वेगळं मांडलं गेलं आणि आपण न जेवता उठलात. मांडणारे आमचे थोरले चुलते पंचवीस तारखेला बोलावलेले नाहीत, त्यांना तसं तोंडावर सांगून आलो आहे. पंगत एकच आहे. दोरी लावून मी स्वतः आखली आहे, आणि आपलं पान माझ्या नि रुक्मिणीबाईंच्या मध्ये आहे. हे त्यांनीच सुचवलं. याउपर न जेवता जायचं असेल तर खुशाल जावं, पण एकदा पोरीसमोर बसून जावं.

ता. क. तिसरा. सुमनने विचारलं, एवढं लांब पत्र कुणाला? मी म्हटलं, रेल्वेच्या साहेबाला, गाड्या उशिरा येतात म्हणून. त्यामुळे आपण आला नाहीत तर तिला काही कळणार नाही. फक्त तुम्हाला आणि मला कळेल.