ग्रहणातली वेचणी

आई गं,

काल तुझ्या लेकाच्या, बाळूच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि आज सकाळी उठल्या उठल्या तुला लिहायला बसले. जिंकलीस तू! एवढ्या वर्षांनी का होईना, जिंकलीस!

बाळूचे अंगठे जन्मापासून तळव्यात दुमडलेले, पाय ताठ. आत्यानं तेव्हाच निकाल देऊन टाकला होता, "पोटुशी असून ग्रहणात कापूस वेचणीला गेली. बोंडाबोंडाला मूठ मिटली, म्हून पोराचे अंगठे मिटले." पोटुशीनं ग्रहणात बोटसुद्धा मुडपायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तू उलटून एक शब्द बोलली नाहीस. का गं? एरवी तर मानवतच्या बाजारात कापसाच्या व्यापाऱ्याला तोंड उघडू द्यायची नाहीस!

त्यानंतर प्रत्येक ग्रहणात तू दोन्ही तळवे उघडे टाकून भिंतीशी बसायचीस. पोटात बाळ नसतानासुद्धा! मला त्याचा फार राग यायचा.

आता मला दिवस गेलेत. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सोबत आलेल्या बाळूला पाहिलं आणि विचारलं, "आईच्या माहेरी कुणाचे अंगठे असे होते?" होते की! चारठाण्याचा तुझा धाकटा भाऊ, लहानपणीच गेलेला. मावशी म्हणाली, त्याच्या वेळी आजीनं ग्रहण कडक पाळलं होतं, हललीसुद्धा नव्हती.

मेंदूतल्या पेशी एका प्रथिनाच्या आधारानं एकमेकींना धरतात. बाळूच्या त्या प्रथिनाच्या एका घडीत बिघाड आहे, आजोळच्या रक्तातून आलेला; अंगठे आणि पाय त्यानंच असे. घरी हे सांगितलं तर आत्या म्हणते, "म्हंजे वैनीकडूनच आलं की!"

माझ्याआधी बाळूच उसळला. "आलं आईकडून, आत्या. पर आईनं केलं न्हाई! माझं नाक बी तिच्याकडूनच आलंय, ते काय ग्रहणानं आलं का?"

 मग आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लय बोलले मी तिला. ती तर गेली, आता कुणाला सांगू?" तुलाच सांगतेय बघ मी.

माझ्यात तो बिघाड नाही, तेही तपासलं. बाळंतपणाआधी ग्रहण आलंच, तर आत्याच्या देखत शेतात जाईन, हाताला येईल ते मूठ भरभरून वेचीन. आणि आपल्या गावात पुन्हा कुठल्या आईच्या माथी असलं खापर फुटू देणार नाही. हा माझा शब्द.

तू मात्र अजून तळवे उघडे टाकून बसली असशील, तर पुरे झालं. खुशाल मूठ मीट, आई.

तुझीच,
वैशी