एका ताटात

शनिवार, १२ डिसेंबर १९८७, दुपारचे तीन. अंगणात तीळ वाळत घातलेत. कोंबड्या हाकत हाकत लिहितोय.

प्रिय काका,

तुमची तब्येत कशी आहे? आई विचारत नाही, म्हणून मीच विचारतो.

तुम्ही नैरोबीत तह घडवलात त्या दिवसापासून इथे गोळीचा आवाज नाही. गुलू शहराची बस पुन्हा सुरू झाली. नाताळला तुम्ही कायमचे घरी येणार, म्हणून मी तुमची झोपडी नव्याने शाकारली.

पण वर्तमानपत्रातला तुमचा फोटो गावात पोहोचला. तुम्ही आणि कमांडर ओब्वोना, एकाच ताटात हात. आईने तो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "तुझ्या बापाला ज्यानं मारलं, त्याच्या हाताला हात लावून जेवलाय तुझा काका."

मी तुमची बाजू मांडली. ओब्वोनाने ताट पुढे सरकवलं, "जेवलास तरच तहावर सही करेन" म्हणाला, म्हणून तुम्ही जेवलात, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं सगळं सांगितलं.

म्हातारा लातिम हसला. "सहा देशांची भांडणं मिटवली म्हणे राजदूतसाहेबांनी! खून मिटला नसताना मारेकऱ्याबरोबर जेवलं की घरातली पोरं आजारी पडतात, एवढं मात्र विसरले."

माझ्या बाळाला तुम्ही धाडलेलं झबलं मिळालं. निळं. छान होतं.

काका, माझी चिमुकली अकेलो मंगळवारी गेली. दवाखान्यातली बाई मलेरिया म्हणाली. माझा तिच्यावर विश्वास आहे. रात्री मात्र तो राहत नाही. झबलं तिच्याबरोबरच पुरलं.

काल गावातले वडीलधारे बसले, त्यांनी खून मिटवायची रीत सांगितली. ओब्वोनाने आमच्या अंगणात येऊन बाबांचं नाव घ्यावं, कसं मारलं ते सांगावं, मग दोन्ही घराण्यांनी एकाच भोपळ्यातून कडू मुळीचं पाणी प्यावं. तोवर तुम्ही आमच्या माठाला हात लावायचा नाही. पण तुमच्या तहात त्याला माफी आहे, राजधानीत बंगला आहे. तो कशाला येतोय?

तुम्ही जेवला नसतात तर आणखी किती घरांतली पोरं मेली असती, हे मला कळतं. आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "त्या घरांत जाऊन राहू दे मग त्याला."

ओब्वोनाला घेऊन येता आलं, तरच या. एकटे आलात तर बस थांबते तिथे मी उभा असेन. तुमची पेटी उचलेन, पण घराकडे नेणार नाही.

तुमच्या भावाचा मुलगा,
न्येको