गाण्याची खोली वीरेंद्रला मिळू नये म्हणून

मी, साधना दानियेल तायडे, वय एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, अविवाहित, राहणार मानोरा, जिल्हा वाशीम, देवाला आणि खालील साक्षीदारांना समोर ठेवून माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे; डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. या कागदात किळस हा शब्द काही ठिकाणी येईल. तो रागाच्या भरात लिहिलेला नाही. राग नाताळानंतर ओसरला. किळस राहिली.

कलम पहिले. मानोरा नगरपंचायत हद्दीतील माझे दोन खोल्यांचे घर, पुढच्या ओसरीसह, माझ्या स्वकष्टाचे आहे. गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवून ते उभे केले. त्यात वडिलांचा किंवा भावाचा पैसा नाही. भाऊ वारला. त्याचा मुलगा वीरेंद्र हाच माझा जवळचा वारस, आणि त्याला हे घर का मिळणार नाही हे पुढे लिहिते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी म्हणायला नको की म्हातारीला कोणी भरीस घातले.

कलम दुसरे. आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत मी वर्षानुवर्षे संडे स्कूलच्या मुलांना गाणी शिकवली. बहुतेक मुले आसपासच्या तांड्यांवरची. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी, त्यामुळे वाचता येणारी थोडी. म्हणून मी गाणे डोळ्यांना दिसेल असे केले. ब्लाऊजच्या चिंध्यांची होडी, लाट, मासा, ढग, गाल फुगवलेला वारा. भिंतीवर घोंगडी ताणायची आणि त्यावर एकेक चित्र दाबायचे, ते टाचणीशिवाय चिकटते. "होडी इवली, पाणी फार, प्रभू बसला, होडी पार." मग सगळ्यांनी डोळे मिटायचे, एकाने एक चित्र लपवायचे, आणि गाताना त्या जागी नुसते हुंकारायचे. लपवलेले ओळखेल त्याने वारा व्हायचे आणि सगळ्यांवर फुंकर मारायची. हसून हसून मुले लोळायची. गाणे मात्र पक्के व्हायचे.

ऊसतोडीला निघताना प्रत्येक जण एक चित्र खिशात घालून न्यायचा. वैशाखात परतल्यावर ती घोंगडीवर जुळवायची की गाणे पुन्हा पुरे. ज्याचे चित्र आले नाही, त्याच्या घरी मी चौकशीला जात असे.

कलम तिसरे. वीरेंद्र आमच्या चर्चच्या मंडळीचा चिटणीस झाला. त्याने मोठा पडदा आणि स्पीकर आणले. यंत्राची मला किळस नाही. माझी शिलाई मशीनही मोटारीवर चालते. गेल्या नाताळासाठी त्याने वाशीमच्या शिकलेल्या गायकांकडून गाणे भरून आणले आणि ऊसतोडीला न गेलेल्या, गावातल्या मुलांना ताकीद दिली की फक्त ओठ हलवायचे.

मी कमिटीत विचारले, "मंग गाणार कोण?"

"स्पीकर," वीरेंद्र म्हणाला. "आत्या, पोट्ट्यांचा आवाज बेसूर येते. व्हिडिओ बाहेर देणगीदाराहिले पाठवाचा हाय."

कमिटी हसली आणि चिवडा खात राहिली. चर्चचे पाळकसाहेब बशीत पाहत होते.

नाताळच्या दुपारी भर मांडवात लाईट गेली. स्पीकर बंद पडला. मुले थांबली नाहीत. त्यांची तोंडे उघडत होती, मिटत होती, आणि आवाज नव्हता. सगळे लोक हसू लागले. वीरेंद्र ओरडला, "थांबा न बे!" बाकीची थांबली. पुढे उभी असलेली त्याचीच मुलगी रुचा थांबली नाही. आपण हात वर केल्याशिवाय थांबायचे नाही, असे वीरेंद्रनेच तिला घरी बजावले होते, आणि हात वर करायचे तो विसरला होता. त्याने स्टेजवर चढून सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. मारल्यावरही ती ओठ हलवत होती.

किळस आहे ती त्या देखाव्याची.

मी वर गेले आणि तिला कडेला घेतले. वीरेंद्र दात आवळून म्हणाला, "आत्या, खाली उतर. पाव्हणे पाहून राह्यले."

"पाहू दे त्याहिले," मी म्हणाले. "तू काय केलं ते पाहू दे."

मग लाईट आली. पंगती बसल्या. ज्यांनी पाहिले ते सगळे पुरीभाजी जेवले, जिलेबी पुन्हा मागून घेतली. मी पानावरून उठले. व्हिडिओतला तेवढा भाग कापून बाकीचा बाहेर पाठवला गेला. त्याखाली लिहिले होते: आमची आनंदी लेकरे.

कलम चौथे. नव्या वर्षात मला कळवण्यात आले की आता वर्ग पडद्यावर होईल, माझी गरज नाही. माझी घोंगडी मला जनरेटरच्या कोपऱ्यात सापडली. तिचे फडके करून ऑईल पुसत होते. वैशाखात तांडे परतले. तांड्यावरचा ऊसतोड कामगार मोहनसिंग राठोड आपल्या धाकट्या मुलीला घेऊन चर्चमध्ये आला. तिने फ्रॉकच्या खिशातून मासा काढला आणि घोंगडी शोधू लागली.

वीरेंद्र म्हणाला, "ते बंद झालं. आता मासा पडद्यावर हालते."

मोहनसिंग म्हणाला, "साहेब, हा मासा माह्या पोरीनं पार सांगलीवरून वापस आणला. फडावरल्या कोपीत, झोपडीत, पाणी शिरलं तं उशाले घेऊन झोपली. आता हा कुठी लावू, ते सांगा."

वीरेंद्र पडद्याकडे वळला. मोहनसिंग मुलीला घेऊन सरळ माझ्या ओसरीवर आला. पुढच्या रविवारी आणखी मुले आली. नवी घोंगडी त्यानेच दिली. तेव्हापासून वर्ग माझ्या पुढच्या खोलीत भरतो.

कलम पाचवे. आषाढात वीरेंद्र पेढे घेऊन आला. म्हणाला, "आत्या, घर माह्या नावावर कर. मंडळीचा स्टुडिओ करू. भिंतीले फोम लावू, बाहेरचा आवाज आत येणार नाही. दारावर तुह्यंच नाव राहीन." पेढे मी गाईला घातले.

सबब, माझ्या पश्चात हे घर रुचा वीरेंद्र तायडे हिच्या मालकीचे राहील. ती सज्ञान होईपर्यंत मोहनसिंग राठोड घराची व्यवस्था पाहील, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तोच करील. तोवर दर रविवारी पुढची खोली कोणत्याही जातीधर्माच्या मुलांना गाण्यासाठी उघडी असावी. बेसूर गातो म्हणून कोणाला उठवू नये. तेथे कोणत्याही मुलाचे चित्रीकरण होऊ नये. वीरेंद्रला या घरात राहण्याचा, ते भाड्याने देण्याचा किंवा मुलीचा पालक म्हणून त्याचा कारभार पाहण्याचा अधिकार नाही. तो माझ्या भावाचा मुलगा आहे. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवले आहे. म्हणूनच इतके स्पष्ट लिहावे लागले.

कलम सहावे. शिलाई मशीन व मोठी कात्री मोहनसिंगच्या थोरल्या मुलीला. त्या कात्रीने कागद कापू नये. बँकेतल्या शिलकेतून माझी माती करावी, उरेल त्यातून मुलांसाठी कापड घ्यावे. पाळकसाहेबांना माझा चष्मा द्यावा. त्या दुपारी त्यांना समोरचे दिसले नव्हते. शेजारीण कस्तुराबाई हिला काही ठेवता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि वकिलांच्या मते तसे चालत नाही. म्हणून माझा पाटा-वरवंटा मी तिला आजच देऊन टाकला.

कलम सातवे. रुचाविषयी. त्या दिवसापासून ती गात नाही, शाळेतही नाही. तिची आई ब्लाऊजचे निमित्त काढून रविवारी तिला माझ्याकडे पाठवते. ती दाराशी बसते. मी तिला कधी गा म्हटले नाही. काल मी घाईत ढग होडीच्या खाली लावला. ती एकदम उभी राहिली आणि ओरडली, "आजी! ढग खाली नसते! पाणी कुठून पडन मंग?" इतक्या मोठ्याने, की कस्तुराबाई पोळपाट हातात घेऊन बाहेर आली. मुले हसली. रुचाही हसली. गायली नाही.

आज कागद करताना वकिलांनी विचारले, घर देताना तिने वर्ग चालवावा, गावे, अशी अट घालायची का. मी म्हणाले, काही अट घालू नका. ती जन्मभर गप्प राहिली तरी घर तिचेच.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही वाचला, आणि कोणी हात न धरता सही करते.

(सही) साधना दानियेल तायडे

साधनाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. बबनराव, निवृत्त पोस्टमन, मानोरा (सही)
२. कस्तुराबाई, शेजारीण, मानोरा (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: मानोरा, जिल्हा वाशीम
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५