दादाच्या मापाची काच

आई,
तुझा आत्ता कुठं डोळा लागलाय म्हणून उठवलं न्हाय. मी दवाखान्यात पुढं जातोय. तू येताना मोनाला डबा आण, ती नवऱ्याजवळ कालपास्नं उपाशी बसलीय.

काल सगळ्यांसमोर तू तिला बोललीस, की मोटरसायकलला पुढं वारा अडवायची उंच काच बसवायचा हट्ट हिचाच. तिचं म्हणणं एवढंच होतं, की हुपरीच्या कामावरनं आल्यावर वाऱ्यानं उदयच्या कानात घों घों होत राहतं, हाक मारलेली ऐकू येत न्हाय. काच मी निवडली. दुकानात गाडीवर मीच बसून बघितलं. मला काचेच्या वरनं रस्ता दिसत होता. उदय माझ्यापेक्षा चार बोटं ठेंगणा हाय, हे ध्यानातच आलं न्हाय. त्याला काचेतनंच बघावं लागायचं. परवा सकाळी धुक्यानं ती पांढरी झाली आणि उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली न्हाय.

मोनाला हे मीच सांगतो. तोवर तिला काय बोलू नको.

दहाला उदयचा पाय काढणार हायत. सही मी केलीय. काल शुद्धीवर आल्यावर पहिलं मला म्हणाला, "दादा, तू एवढ्या हौसेनं बसवलेली काच फुटली की."

विजय