कोटाचं प्रस्थान

१६ जानेवारी १९१३, गुरुवार. बीड.
ठरलं. मी, सुंदरराव, मिशन शाळेचा मास्तर, समुद्रापार चाललो. आफ्रिकेत मोंबासा म्हणून बंदर हाय. तिथं रेल्वेच्या कामावर आपले मराठी गवंडी, सुतार गेलेत, बायकापोरांसकट. त्यांच्या भाषेत येशूची गोष्ट सांगणारं कुणी न्हाई. पाद्री साहेबांनी माझं कीर्तन ऐकूनच मला निवडलं असणार. मुक्काम एक वर्ष. संगं बायको साखराबाई. ती मिशनची बायबलबाई, घरोघरी जाऊन बायांना वाचून दाखवते. साहेब तिच्याशीच तासभर बोलत बसले. माझ्या खाण्यापिण्याचं विचारत असतील.

जाताना साहेब म्हणाले, ऐनवेळी एक जण अडला तर दुसऱ्यानं जायचं, बोट कुणासाठी थांबत न्हाई. मी हसलो. साखराबाई अडली तर मला वर्षभर हातानं रांधावं लागंल, एवढीच फिकीर.

१८ जानेवारी, शनिवार.
संकल्प: रोज पाण्याची प्रॅक्टिस. आजवर विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं न्हाई, पण त्यानं काय होतं. कपिलधारला गेलतो. धबधब्याखाली उभा राहिलो. ह्या दिवसांत धार बारीक असते, पण जोर लई. नाकात पाणी गेलं. बाहेर आलो. भ्यालो न्हाई. विचार केला, इथं पाणी वरून पडतं, समुद्रात ते खाली असतं. म्हणजे ही प्रॅक्टिसच चुकीची. उद्यापासून बंद.

१९ जानेवारी, रविवार.
निघायचं शुक्रवारी, २४ ला. आज उपासनेत मी प्रवचन केलं. मुहूर्त, शकुन, दिशाशूळ, सगळं झूट. आमच्यातले बरेच जण अजून लपून पंचांग बघतात, त्यांच्या माना खाली गेल्या. आसारामनं तर उभं राहून कबूल केलं, लेकीचं लग्न आता पौषातच लावतो, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. मग साहेबांनी ‘साखराबाई आणि तिचे यजमान’ यांच्यासाठी प्रार्थना केली. साहेबांचं मराठी कच्चं हाय.

बाहेर आप्पाराव भेटला. नदीपलीकडं त्याचा मळा. हिंदू, पण माझा लहानपणचा दोस्त. म्हणाला, बे मास्तर, शुक्रवारी पश्चिमेला? दिशाशूळ छातीवर घेऊन निघालास की. त्याला म्हटलं, आमच्यात ते चालत न्हाई. तो म्हणाला, तुमच्यात चालत नसंल, पण समुद्राला कुठं मालूम हाय तुमी कोण ते. हसत गेला. मूर्ख माणूस.

२० जानेवारी, सोमवार.
झोप लागली न्हाई. उशी उंच झाली. सकाळी राधाकिशन जोशाच्या दारावरून चाललो होतो. सहज. शत्रूची हत्यारं प्रचारकाला मालूम पाहिजेत, म्हणून विचारलं. तो म्हणाला, शुक्रवारी पश्चिम वाईटच, पण उपाय हाय. प्रस्थान ठेवा. प्रवासात अंगावर घालायची वस्तू बुधवारी चांगल्या घटकेला घराबाहेर काढायची आणि वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी ठेवायची. प्रवास तिथंच सुरू झाला. मग माणसानं मागून कोणत्याबी दिवशी जावं. अट एकच, ती वस्तू परत घरी येऊ द्यायची न्हाई. आली तर प्रवास बुडाला.

मी मोठ्यानं हसलो. मग घटका कितीची ते विचारून घेतलं.

२२ जानेवारी, बुधवार.
कोट आप्पारावच्या मळ्यात ठेवून आलो. हे प्रस्थान न्हाई. गाडीच्या बैलांचं ओझं थोडं हलकं केलं. आप्पाराव घरी नव्हता हे बरं झालं. त्याची बायको छबुबाई होती. तिला म्हटलं, जाता जाता घेतो. साखराबाईला सांगितलं, कोट शिंप्याकडं टाकलाय. ती म्हणाली, शिंपी तर पेठेत बसतो, मग धोतराला नदीचा गाळ कावून? बायकांनी इतकं बारीक बघू नये.

२३ जानेवारी, गुरुवार.
घात झाला. साहेबांच्या गाडीचा आस मोडला. आता निघायचं सोमवारी. बोट शनिवारी सुटते, त्यामुळं सोमवारच्या पुढं सरकायला जागाच न्हाई. आणि सोमवारी पश्चिम मोकळी असते. म्हणजे प्रस्थानाची गरजच नव्हती. पण ठेवलं ते ठेवलं. आता कोट घरी आणता येत न्हाई आणि थंडी मरणाची पडलीय.

२६ जानेवारी, रविवार.
उपासनेला बिनकोटाचा गेलो. दात वाजत होते. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, कोट कुठाय? तोंडातून निघून गेलं, एका गरिबाला दिला. साहेबांचे डोळे भरले. म्हणाले, बघा, एकच होता, तोबी दिला. सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. साखराबाई तेवढी खाली बघत होती. घरी येऊन एवढंच म्हणाली, शिंपी लई गरीब झाला म्हणायचा.

संध्याकाळी.
छबुबाई आली. पदरात हुरडा आणि खांद्यावर माझा कोट. तुमचं जाणं लांबलं असं बाजारात कळलं, म्हणाली, मास्तर थंडीचे कुडकुडत असतील म्हणून घेऊन आले. मी अडवायच्या आत उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी गेली. मी भिंतीला टेकून खाली बसलो. पित्त असेल.

साखराबाईला सगळं समजलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तुमच्या बोलण्यावर आसारामनं लेकीचं लग्न पौषात धरलंय. मग बराच वेळ हुरडा निवडत बसली. मग हळू म्हणाली, मलाबी समुद्राचं भ्या वाटतं, रातीची उठून बसते. दोघं असलो तर निभंल. उद्या कोट घाला आन्‌ गाडीत बसा, बाकी मला काय नको.

मी तिला सांगितलं, भीती काय असते हे मला मालूमच न्हाई.

२७ जानेवारी, सोमवार.
उजाडताच गाडी दारात. माझ्या पोटात कळा. खऱ्या. साहेबांनी जीभ बघितली, नाडी बघितली, एरंडेल दिलं. सगळं प्यालो. म्हटलं, आज आलो तर गाडीतल्या सगळ्यांनाच त्रास. उद्या हलका होऊन निघतो आणि तुम्हाला जामखेडच्या मुक्कामाला गाठतो. साहेबांनी साखराबाईकडं बघितलं.

ती गाडीपाशी उभी होती. तिनं एकदाच विचारलं, येता का? मी उद्याचा बंदोबस्त सांगू लागलो. तिनं पुरता ऐकून घेतला आणि गाडीत चढली. रडत होती. मला वाटलं, थांबंल. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

संकल्प: उद्या काहीबी होवो, निघायचं.

२८ जानेवारी, मंगळवार.
दिवस उत्तम. पश्चिम मोकळी. राधाकिशन म्हणाला, असा दिवस महिन्यातून एखादाच. निघताना भरली घागर घेतलेली सवाशीण समोर आली. मुंगूस आडवं गेलं, तेबी उजवीकडून. पोट ठणठणीत. कोट अंगात. आप्पारावनं छकड्याला पळती बैलं जोडली. म्हणाला, सांजेला जामखेड.

दोन कोस गेलो. वाटेत कशाचीच अडचण आली न्हाई. तीच अडचण झाली. आप्पारावला म्हटलं, वळव. त्यानं विचारलं, काय विसरलं? म्हटलं, काही न्हाई. मला वाटलं आता हसंल, गावभर करंल. तो हसला न्हाई. छकडा वळवला आणि मला दारात उतरवून गेला.

कालपासून पोटात एरंडेलाशिवाय काही न्हाई. चूल पेटवायचा कंटाळा, म्हणून दुरडी उघडून बघितली. फडक्यात बाजरीच्या भाकरी, टिकाव्यात म्हणून कडक भाजलेल्या. बाजूला कारळ्याची चटणी. मला एकट्याला चार दिवस पुरंल एवढं. हे तिनं काल पहाटेच करून ठेवलं असणार, गाडी यायच्या आधी. तवा तर माझं पोटबी दुखत नव्हतं.