वॉर्डातला वर्ग

६ फेब्रुवारी
आईला खाट मिळाली. खिडकीजवळची. शेजारच्या खाटेवर कमरेचं हाड मोडलेल्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. आल्याआल्या त्यांनी आईचं वय, आजार, जावई, सगळं विचारून घेतलं. जावई नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे."

वॉर्डात मोबाइलला रेंज अजिबात नाही. फोन पर्समध्ये टाकत होते, तेवढ्यात तो आपणहून वायफायला जोडला गेला. दवाखाना इथल्या विद्यापीठाचा – आणि मी शिकवते त्या विद्यापीठाचं खातं इथेही चालतं म्हणे. मी काहीच केलं नव्हतं. परक्या गावात कुणीतरी ओळखीची हाक मारावी तसं झालं. उगीच डोळे भरून आले.

८ फेब्रुवारी
विभागप्रमुखांना विचारलं, इथूनच वर्ग घेऊ का? "घ्या की. पण आधी आईकडे बघा. इकडची काळजी सोडा." भला माणूस.

पोरं तिकडे वर्गात, पडद्यावर मी. स्टुलावर लॅपटॉप, कानात जुना इअरफोन – त्यातून सगळा गलबला बाहेर सांडतो. विषय वाळवंट. एक मुलगी दर दोन वाक्यांना शंका काढते. तिला आम्ही शंकासुर म्हणतो, हे आईला सांगितलं.

आई म्हणाली, "हुशार आहे पोरगी. तिला रागावू नकोस." मग थोड्या वेळाने, "इतकी वर्षं शिकवतेस, आज पहिल्यांदा ऐकलं तुला." जन्मभर लोकांचे कपडे शिवून हिने मला शिकवलं. आणि मी एकदाही हिला माझ्या वर्गात नेलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. गाठ यकृतात पसरली आहे. ऑपरेशन नाही. "त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच आता आपल्या हातात."

आत आले तर आई शेजारच्या बाईंना घट्ट झालेला ब्लाउज काखेत कसा सैल करायचा ते सांगत होती. मी तोंड धुऊन आले.

१५ फेब्रुवारी
नेट नाही. वर्ग बुडाला.

१६ फेब्रुवारी
नर्स म्हणाली, बाकी सगळ्यांचं चालतंय. खाली संगणक विभागात गेले. तिथल्या माणसाने बघितलं. "आमच्याकडे काही बिघाड नाही मॅडम. तुमचं खातं तुमच्या विद्यापीठानेच नाकारलंय."

रस्त्यावर येऊन आमच्या संगणक विभागात फोन लावला. ओळखीचा ऑपरेटर. "मॅडम, तुमचं खातं बंद करायला सांगितलंय विभागाने. कालपासून नवीन मॅडम शिकवतायत ना... तुम्हाला कळवलं नाही?"

कळवलं असेल. मेलवर. तीच उघडत नाही.

विभागप्रमुख फोन उचलत नाहीत. माझ्यासारख्या तासिकेवर शिकवणाऱ्यांना काढावंही लागत नाही – नुसतं खातं बंद करायचं.

वर आले. आई म्हणाली, "वेळ झाली ना गं वर्गाची?" जिभेवर आलं होतं. नाही सांगवलं. लॅपटॉप उघडला, इअरफोन घातला आणि समोर कुणी नसताना वाळूच्या टेकड्या शिकवल्या. मध्येच थांबून "हं, बरोबर" असंही म्हटलं. माझीच मला लाज वाटली.

१९ फेब्रुवारी
रोज शिकवते. न शिकवून तरी काय करू? तेवढा वेळ तिला दुखत नाही. निदान तसं म्हणते.

आज विचारलं, "शंकासुर हल्ली बोलत नाही?" म्हटलं, ताप आलाय तिला. "अगं बाई," म्हणून आई खिडकीकडे बघत राहिली. मग स्वतःच विचारलं, "टेकड्या सरकतात म्हणालीस. वाटेत गाव आलं तर?"

"गाव बुडतं. आधी कुंपण, मग दारं."

"आणि माणसं?"

"आधीच निघून जातात."

"सगळी?"

याचं उत्तर पुस्तकात नाही. तसं सांगितलं. "मग शोधून ठेव," म्हणाली.

२३ फेब्रुवारी
आवाज पार खोल गेलाय. डोळे मिटूनच असते. मी थांबले की बोट हलवते – पुढे बोल. वारा खडक कसा झिजवतो ते सुरू केलंय. इतकं नीट मला आजवर कधी शिकवता आलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी
बोट हललं नाही. तरी बोलत होते.

२६ फेब्रुवारी
आई सकाळी गेली. हात माझ्या हातात होता, म्हणून कळलं.

२८ फेब्रुवारी
तिचं सामान आणायला वॉर्डात गेले. शेजारच्या बाईंनी मनगट धरून बसवून घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. पोरांचा गलबला बंद झाला तेव्हाच. मला म्हणाली, नोकरी गेलीय तिची, पण शिकवणं सुटत नाहीये. आपण दोघी ऐकत राहू."

त्यांनी उशी नीट केली, माझ्याकडे तोंड केलं. "खडकाचं अर्धं राहिलंय."

लॅपटॉप पिशवीतच राहू दिला आणि शिकवलं.