आरशाची उंची

भांडुप, ३ जून २००१

ती. आईंना भक्तीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. गाडीत मी शेजारच्या बाईंना आपल्या न्हाणीबाहेरच्या कोपऱ्याचंच कौतुक ऐकवत होते. शेवटी सुशांतने तोंडावर पेपर ओढून घेतला. पण खरं सांगा, कुठे ती शेवाळलेली मोरी आणि कुठे आताचं रूप! बेसिन हॉटेलवाल्यांनी काढून टाकलेलं, फरशा शेजारच्या बांधकामातल्या उरलेल्या आणि खालचं कपाट तर चक्क आंब्याच्या पेट्यांचं. कोण ओळखेल? खर्च झाला तो फक्त नव्या आरशाचा. तो सुशांतच्या दाढीच्या बेताने लावलाय. जुना डागाळलेला मी भंगारात देऊन टाकला.

चतुर्थीला माझे आईबाबा पहिल्यांदाच येणार, म्हणून एवढा आटापिटा. तोवर कोपरा जपा. मासळीचे हात मात्र मागे विहिरीवरच धुवा हं, नाहीतर माझी आई नाक मुरडेल! चेष्टा करते, रागावू नका.

बाबांना नमस्कार. माझ्यावरचा लोभही त्या बेसिनसारखाच चकचकीत राहू द्या.

आपली,
भक्ती

दांडी, मालवण
१५ जुलै २००१

चि. सौ. भक्तीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

जान्हवी जामसंड्याहून आलीय, तिच्याकडून लिहून घेते. माझा हात जरा दुखतो. पावसाळ्यात जुनी हाडं कुरकुरायचीच. तुझं बेसिन बघायला वाडीतल्या बायका येऊन गेल्या. काशीबाईने तर नळ पुन्हा पुन्हा सोडून बघितला, पाणी काय तिच्या बापाचं! कोपरा तू ठेवून गेलीस तस्साच आहे. होड्या वर ओढल्यात, त्यामुळे तुझे सासरे दिवसभर जाळी शिवतात आणि चहा मागतात. सुशांतला वेळेवर जेवायला घाल. आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेवून पत्र धाडत जा.

तुझी सासू,
सुगंधा

वहिनी, आई चुलीकडे गेली म्हणून हे खाली माझं लिहिते. सांगू नको म्हणून तिने शपथ घातलीय. हात नुसता दुखत नाही, उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर आहे. त्या आरशात तिला वरचे वासे दिसतात, स्वतःचं कपाळ दिसत नाही. रोज कुंकू लावायला ती रिकाम्या आंब्याच्या पेटीवर चढायची. एक दिवस फळी मोडली. बेसिनला वास लागू नये म्हणून हात धुवायला भर पावसात विहिरीवर जाते, ते वेगळंच. मी म्हटलं, बाबली सुताराला बोलवून आरसा खाली घेऊ. तर म्हणते, तिची माणसा येऊन जांवदेत, मगे बघूया. सुकी मासळी घेऊन बसता येत नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी दारात येरझारा घालते. तुला दोष देत नाही, पण तुला कळायला हवं असं वाटलं.

जान्हवी

भांडुप, २३ जुलै २००१

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

जान्हवीताईंवर रागावू नका. पत्र वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही. आरशाची जागा मोजताना टेपचं दुसरं टोक तुम्हीच धरलं होतंत. तुम्हाला एकदा समोर उभं करून बघावं, एवढंही मला सुचलं नाही.

आणि विहिरीचं ते बोलणं चेष्टा नव्हती. माझ्या आईबाबांसमोर तुमच्या हाताच्या वासाची मला खरोखरच लाज वाटत होती. त्याच हातांनी मासळी विकून तुम्ही सुशांतला शिकवलंत, आणि त्याच्या पगारातून मी आरसा आणला. लाज वाटायची तर माझी मला वाटायला हवी होती. सुशांतला पत्र वाचून दाखवलं, तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

बाबलीला आजच बोलवा आणि आरसा तुमच्या कपाळाशी उतरवून घ्या. माझे आईबाबा वाकतील. शनिवारी मी एकटी निघते. प्लास्टर निघेपर्यंत तुमच्याजवळ राहीन.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

भक्ती

दांडी, मालवण
९ सप्टेंबर २००१

चि. सौ. भक्तीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे माझ्याच हाताने लिहिते. अक्षरं होडीत बसल्यासारखी हलतात, हसू नको. चतुर्थीला तुझे बाबा रोज वाकून भांग पाडत होते ते आठवून तुझे सासरे अजून हसतात. आणि गणपती पोचवल्यावर तुझ्या आईने बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं, नाक काही मुरडलं नाही. मासळीचे हात मी आता बेसिनातच धुते. वास येतो. येऊ दे, म्हावऱ्याच्या घरात मोगरा कुठून येणार!

पण एक बोलायचं राहिलं. तू इतके दिवस इथे होतीस, माझी वेणी घातलीस, मला कुंकू लावलंस, पण त्या आरशात एकदाही बघितलं नाहीस. स्वतःचा भांग चाचपून पाडायचीस, टिकली रोज वाकडी. मी बघत होते गो. माझीही चूक आहेच, मला काय तोंड नव्हतं सांगायला? आता पुरे झालं.

आरसा तू मोठा आणलायस. बाबलीने खाली उतरवला तरी मी समोर उभी राहिले की माझ्या डोक्यावर जागा उरते. दिवाळीला आलीस की माझ्या मागे येऊन उभी राहा. तिथे तू दिसशील.

वाट बघते.

तुझी,
सुगंधा